मागचा उजवा पाय

सकाळी आमच्या चुलीवरून जो वास सुटायचा, त्यानं नवा पाहुणा हमखास फसायचा. जवस, जव आणि गूळ मोठ्या पातेल्यात रटरटत असायचे. पाहुणा आशेनं बसून राहायचा, आणि आई ते पातेलं फडक्यानं धरून मागच्या दारानं घोड्यांकडे निघून जायची. पाहुण्याच्या ताटात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. पोशीरचे माझे काका एकदा उघडच म्हणाले, "वयनी, पुढल्या जन्मी तुमच्या दारात घोडी हून येतो." आई म्हणाली, "या की भावजी. पण दरसाल एक शिंगरू द्यावं लागंल."

दहिवली मागे टाकून नदीच्या अंगानं गेलं की रेसच्या घोड्यांची ती पागा लागायची. तिथं रेस मात्र कुणी पळत नसे. आमच्याकडे फक्त आया होत्या, एकूण नऊ. गाभण राहायच्या, व्यायच्या, सहा महिने शिंगराला पाजायच्या. मग शिंगरं टेंपोत चढून खालापूरच्या बाजूला मालकांची दुसरी पागा होती तिकडे जायची, आणि तिथून मोठी होऊन मुंबईला. माझे बाबा या नऊ जणींची निगा राखणारे मोठे मोतद्दार. आमच्या खोलीची मागची भिंत आणि शेवटच्या ठाणाची भिंत एकच होती, आणि त्या ठाणात शेवंती नावाची म्हातारी घोडी उभी असायची. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते मॅनेजर साहेबांखेरीज कुणाच्या तोंडात बसत नसे. तांबडा रंग, कपाळावर चांदणी, म्हणून बाबांनीच तिला शेवंती केली होती. ती चंदी चघळायला लागली की भिंतीतून जातं फिरल्यासारखा आवाज यायचा. मी त्या आवाजावर अभ्यास केला, त्याच आवाजावर नापास झालो. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये झोपतो. भिंतीपलीकडे कुणीतरी टीव्ही लावतं, आणि मला झोप लागत नाही.

भात झोडून झालं, वालाच्या शेंगा भरल्या, की मालक मुंबईहून यायचे आणि 'आईचा मान' व्हायचा. ज्या घोडीचं लेकरू त्या साली मोठी रेस जिंकलं असेल, तिच्या गळ्यात झेंडूचा हार, पितळी ताटातून गूळ-चणे, दारावर रंगवलेली पाटी, आणि आंब्याच्या सावलीतलं ठाण. ओवाळायला माझी आई. दरवर्षी नवं लुगडं नेसून ती घोडीला कुंकू लावायची, आणि घोडी दरवर्षी ताटातल्या अक्षता खायची. ऐकायला हा सगळा पोरखेळ वाटेल. पण मान मिळालेली घोडी पुढे भाकड झाली तरी पागेतच म्हातारी व्हायची, पागेतच मरायची. बाकीच्यांचं तसं नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं पोट राहिलं नाही, की खोपोलीकडून एक दलाल टेंपो घेऊन यायचा. ती घोडी पुढे कुठे जाते हे बाबांनी कधी विचारलं नाही, आणि त्या दिवशी ते जेवत नसत.

मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी शेवंतीला भाकड राहून दोन वर्षं झाली होती.

त्या पागेत मीही नोकरीला होतो, आणि माझा हुद्दा माझ्या मते मॅनेजरच्या खालोखाल होता. मी शिंगरांची चित्रं काढायचो. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बक्षीस मिळालं होतं, त्यावर ही नोकरी. नवं शिंगरू झालं की त्याच्या अंगावरच्या खुणा एका जाड वहीत टिपायच्या. चांदणी कुठे, भोवरा कुठे, कुठला पाय पांढरा. वर आईचं नाव, मध्ये चित्र, कातडं पसरल्यासारखं, डोकं वर आणि दोन-दोन पाय दोन्ही बाजूंना, खाली एक ओळ, आणि कोपऱ्यात माझी सही. सही कुणी मागितली नव्हती. आता म्हणे आयाळीचे चार केस उपटून पाठवले की शिंगराचे आईबाप कळतात. तेव्हा ती वही म्हणजेच सगळं. शिंगरू खालापूरला गेलं की पाठोपाठ वही जायची, आणि तिथला मोठा मोतद्दार करीमचाचा तिच्याशी ताडून बघून मगच शिंगरू ताब्यात घ्यायचा.

करीमचाचा मूळचा किनाऱ्याकडचा. बाबांचा तीस वर्षांचा दोस्त. दर मंगळवारी चंदीच्या टेंपोतून आमच्याकडे यायचा, येताना सुकट किंवा सुके बांगडे आणायचा आणि जाताना आईच्या हातच्या भाकऱ्या न्यायचा. बाबा आणि तो ओट्यावर बसून घोड्यांविषयी बोलायचे आणि एकमेकांना खोटं पाडायचे. मला तो 'आर्टिस' म्हणायचा. एकदा म्हणाला, "आर्टिस, तुझ्या चित्रात कायतरी उलटसुलट हाय रं." मी म्हणालो, "चाचा, चित्रकलेतलं तुम्हाला काय कळतंय?" त्यानं भाकऱ्यांचं फडकं उचललं आणि टेंपोकडे गेला. हे माझं वाक्य मी आजही अंघोळ करताना आठवतो आणि डोक्यावर जरा जास्तच पाणी ओततो.

तर त्या वर्षी मोठी रेस जिंकली ती आमच्याच पागेत जन्मलेल्या एका घोडीनं. पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं की हिची आई अमुक, म्हणजे आमच्याकडची बेगम. बेगमही तांबडी, पण तरणी, झटकन चावणारी, आणि मॅनेजर साहेबांची लाडकी. बाबांनी चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ही बेगमची नाय," ते म्हणाले. "ही आपल्या शेवंतीची पोर."

ती घोडी जन्मली त्या साली शेवंती आणि बेगम आठ दिवसांच्या फरकानं व्याल्या होत्या. दोघींना तांबड्या पोरी, दोघींच्या कपाळावर चांदणी. फरक एवढाच, की एकीचा मागचा उजवा पाय पांढरा आणि दुसरीचा मागचा डावा. बाबा म्हणत, शेवंतीच्या पोरीचा उजवा. फोटोतल्या घोडीचा उजवाच पांढरा होता. मॅनेजर साहेब हसले. "अहो, छापताना फोटो कधी कधी उलटा छापतात."

"मग पाठीवरचा नंबरबी उलटा छापला असता, सायेब," बाबा म्हणाले. "तो तर सरळ वाचता येतोय."

मॅनेजर साहेबांचं हसू जरा आखडलं. "वहीत जे आहे ते आहे," ते म्हणाले, आणि विषय संपला.

माझा मात्र तिथं सुरू झाला. मला त्या दिवशी ठामपणे वाटलं की शिंगरांची अदलाबदल झालीय, आणि ती शोधून काढणारा माणूस जन्माला आलेला आहे, आणि तो मी आहे. मी प्रत्येकावर नजर ठेवायला लागलो. मॅनेजर साहेब फोनवर आवाज खाली करून बोलायचे. मी खिडकीखाली उभा राहून ऐकलं, तर ते बायकोला दुधी आणला नाही याची कारणं देत होते. घोड्यांच्या डॉक्टरांच्या पेटीत दोन वेळा डोकावलो. बेगम आपल्याकडे तिरकं बघते आहे असंही मी एकदा आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू तिच्याकडं कसा बघतोस ते आधी बघ."

ती दोन शिंगरं आईपासून तोडली त्या दिवसाकडे मी मनानं परत परत जायचो. बाबा तेव्हा पाय मोडून पोशीरला पडून होते. कोवळ्या गळ्यांत पितळी बिल्ल्याचे पट्टे घालून, त्यावर आईचं नाव लावून दुसऱ्याच कुणीतरी त्या दोघींना टेंपोत चढवलं होतं. म्हणजे जे काही झालं ते इथून खालापूरपर्यंतच्या रस्त्यात, नाहीतर पलीकडच्या पागेत. आणि पलीकडे कोण होतं? करीमचाचा.

मी मनातल्या मनात "छे" म्हणालो. पण मंगळवारी चाचा आला तेव्हा खुणांची वही बरोबर होती, नव्या वर्षाच्या शिंगरांसाठी परत आणलेली. तो आणि बाबा चहा पीत होते तेवढ्यात मी वही उघडली. माझ्या चित्रांवर खोडलेलं होतं. एका नाही, पाना-पानावर. पांढरे केलेले पाय खोडरबरानं पुसून, दुसऱ्या पायावर पेन्सिलीनं नव्यानं काढलेले. खालची ओळ बदललेली. शेवंती-बेगमच्या पानांपर्यंत पोचायची मला गरजच वाटली नाही. आणि चाचा उठताना त्याच्या सदऱ्याच्या खिशातून टपकन खाली पडला तो एक झिजलेला खोडरबर.

मी तो उचलून त्याच्या हातात दिला. "घ्या चाचा," म्हणालो. असल्या प्रसंगी थंड कसं राहावं हे मला चांगलं जमतं असं तेव्हा माझं मत होतं.

चाचा गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, आणि रंगवून सांगितलं. बाबांनी चहाचा पेला विसळून पालथा ठेवला. मग म्हणाले, "करीम असा नाय."

"मग खोडलंय कशाला?"

बाबा उठून शेवंतीला पाणी दाखवायला गेले. संशयाचं एवढंच असतं. उत्तर नसलं की तो घरातलाच होऊन बसतो. पुढच्या मंगळवारी टेंपोचा आवाज आला तसे बाबा नदीकडे निघून गेले. आईनं दारातून सांगितलं, घरी नाहीत. चाचानं सुकटीची पुडी ओट्यावर ठेवली. त्याच्या पुढच्या मंगळवारी बाबांनी ती पुडी, न सोडलेली, टेंपोच्या ड्रायव्हरकडे परत दिली. मला आठवतं, त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे शेवंती चघळत होती आणि अलीकडे आम्ही सुकटीशिवाय जेवत होतो. आईनं फक्त एवढंच विचारलं, "सदू, तुला खात्री हाय ना रं?" मी म्हणालो, शंभर टक्के.

मान तीन दिवसांवर आला होता. पाटी रंगवून तयार होती, तिच्यावर बेगमचं नाव. खोपोलीच्या दलालाचा निरोप येऊन गेला होता की कार्यक्रम झाला की दुसऱ्याच दिवशी टेंपो पाठवतो. आता एकच उपाय होता. चाचाला गाठायचं, वही समोर टाकायची आणि वदवून घ्यायचं. मी वही पिशवीत घातली, सायकल काढली आणि भर उन्हात खालापूरच्या रस्त्याला लागलो. वाटेत मी चाचाला विचारायचे प्रश्न तोंडानं म्हणत होतो. चढावर दम लागायचा तेव्हा प्रश्न थांबायचे.

चाचा एका शिंगराला खरारा करत होता. मला बघून त्यानं हात थांबवला नाही. "तुझा बाप हल्ली सुकट खात नाय वाटतं."

"चाचा, माझ्या वहीत खाडाखोड तुम्हीच केलीत ना?"

"मग दुसरं कोण करणार? तुझी आय?"

एवढ्या सहज कबुलीची मी तयारी केली नव्हती. "का केलीत?" मी विचारलं. 

चाचानं खरारा खाली ठेवला. "हिकडं ये. या शिंगराम्होरं उभा ऱ्हा. कुठला पाय पांढरा हाय, म्होरला?"

"उजवा."

"आता त्याच्या बाजूला ये. त्याचं तोंड तिकडं, तुझं तोंडबी तिकडं. आता सांग."

मी शिंगराच्या खांद्याशी उभा राहिलो. ते ज्या बाजूला बघत होतं त्याच बाजूला मीही बघितलं. 

"डावा," मी म्हणालो.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मागे उभा असताना एका शिंगरानं मला लाथ मारली होती. तेव्हापासून मी स्टूल नेहमी समोर, सुरक्षित अंतरावर टाकायचो. समोर बसून, माझ्या उजव्या हाताला जे दिसेल ते उजवं, असं मी चार वर्षं मोठ्या कलाकुसरीनं काढत आलो होतो. वहीतलं प्रत्येक शिंगरू आरशातलं होतं. खाली माझी सही.

"चार साल मी रबर घेऊन बसतो," चाचा म्हणाला. "तुला बोललो, तर तू बोल्लास मला काय कळतंय. सायबाला बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. तुझा बाप पाय मोडून पडलेला, घरात तू एकटा कमावता. मग पुसायचो. गळ्यात पट्टा असायचा, त्याच्यावर आयचं नाव असायचं, त्यावरनं मला कळायचं कोण कुणाची."

"मग शेवंतीची आणि बेगमची?"

चाचा आता माझ्याकडे बघेना. शिंगराची आयाळ बोटांनी सारखी करत राहिला. "त्या दोगी आल्या तवा पट्टे एक सांगत होते आन् वही दुसरं. नेहमीसारखं पुसायला बसलो. बघतो तर दोनी चित्रं तंतोतंत जुळतायत, फकस्त पट्ट्यांची अदलाबदल केली की झालं. तुझा बाप नव्हता त्या दिवशी. पट्टे घालणाऱ्यानं घोळ घातला असंल वाटलं, म्हणून मीच पट्टे बदलले. म्हटलं, आर्टिसनं एकदा तरी बरोबर काढलंय." एकीचा डावा, दुसरीचा उजवा, दोन्ही उलटे काढले की एकीचं चित्र दुसरीला बसतं, हे मला तेव्हा उमगलं. "चार सालात त्या एकाच येळी मी तुझ्यावर भरवसा ठेवला रं."

मी सायकल हातात धरून चौक गावाच्या रस्त्यापर्यंत चालत आलो. बसायचं सुचलं नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. ते उठले, चप्पल घातली आणि दहिवलीच्या नाक्यावर जाऊन खालापूरच्या दिशेची मिळेल ती गाडी पकडून गेले. आले ते उशिरा, हातात सुकटीची पुडी घेऊन. मला म्हणाले, "मालकाला तू सांगायचं. मी नाय, करीम नाय. तू."

मानाच्या दिवशी मालक आले, पाहुणे आले, आंब्याखाली खुर्च्या मांडल्या. बेगमला आणून उभी केली. हार आला तसा तिनं त्यातली दोन फुलं खाल्ली. आई ताट घेऊन पुढे झाली, आणि मी मध्ये गेलो. काय बोललो ते सलग आठवत नाही. मला वाटतं मी सुरुवात चित्रकलेच्या बक्षिसापासून केली.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. बारीक आवाजाचे, शांत गृहस्थ होते. "म्हणजे," ते म्हणाले, "मान तुझ्या वडिलांच्या घोडीला मिळायला हवा, असं तू सांगतोस. आणि उद्या तिला न्यायला टेंपो येणार आहे. बरोबर?"

"हो."

"आणि ही चूक तुला नेमकी आत्ता सापडली."

मॅनेजर साहेब खाकरले. तीन आठवडे मी साऱ्या पागेकडे ज्या नजरेनं बघत होतो, त्याच नजरेनं आता सारी पागा माझ्याकडे बघत होती. ती नजर कशी लागते हे तेव्हा कळलं. मी खरं बोलत होतो, आणि मला स्वतःलाही ते खोटं वाटायला लागलं.

मागून करीमचाचा आला. बोलावलं नव्हतं. त्यानं माझ्या हातातली वही घेऊन मालकांच्या मांडीवर उघडून ठेवली, पान पान उलटत गेला, आणि प्रत्येक खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हे मी पुसलं. हेबी मी. हेबी. पोरगा समोर बसून काढायचा, मालक. या दोनच पानांवर मी रबर लावला नाय. नोकरी काढायची तर माझी काढा. याला अजून उजवंडावं शिकायचंय." मग पागेत उरलेलं शेवटचं शिंगरू आणवलं, मला समोर स्टुलावर बसवलं आणि सगळ्यांदेखत चित्र काढायला लावलं. सवय सवय असते. मी काढलं. उलटंच काढलं.

पाहुण्यांतली एक बाई हसली. मग मालकही हसले, थोडेसेच. वही मिटून त्यांनी ती करीमचाचाच्या हातात दिली.

"रेसचे कागद आता बदलत नाहीत," ते म्हणाले. "ती घोडी बेगमची म्हणून पळाली, बेगमचीच राहील. हार बेगमलाच." बाबांची मान खाली गेली. "पण तो टेंपो येणार नाही. त्या म्हातारीला तिच्या ठाणातून हलवायचं नाही, शेवटपर्यंत. आणि हा मुलगा माझ्या पागेत पुन्हा पेन्सिल धरणार नाही."

आईनं बेगमला ओवाळलं. मग कुणाला काही न विचारता तेच ताट घेऊन आंब्याखालून निघाली, नऊ ठाणांपुढून चालत शेवटच्या ठाणाशी गेली, आणि शेवंतीच्या चांदणीखाली कुंकू लावलं. शेवंतीनं सगळ्या अक्षता खाल्ल्या. निरांजनालाही तोंड घातलं.

मी त्यानंतर चंदी वाटायला लागलो. त्यात उजवंडावं नसतं. शेवंती आणखी बरीच वर्षं आमच्या भिंतीपलीकडे चघळत राहिली. दारावर पाटी नव्हती तिच्या. ती गेली तेव्हा बाबा म्हणाले, "सदू, एक चित्र काढ तिचं. तिचं आन् पोरीचं." मालकांनी पागेत पेन्सिल धरायला बंदी केली होती, म्हणून ते मी पोशीरला काकांच्या ओट्यावर बसून काढलं. दोन महिने लागले. शेवंती उभी, पोटाशी तांबडं शिंगरू, त्याचा मागचा एक पाय पांढरा. तो पाय रंगवण्याआधी मी काकांच्या बैलाशेजारी, त्याचं तोंड तिकडं माझं तोंड तिकडं, असा तीन वेळा उभा राहून आलो. काकांनी तेव्हापासून माझ्या लग्नाचं मनावर घेतलं.

चित्र घरी आणून आमच्या ओट्यावर टेकवून ठेवलं. बाबांनी बघितलं आणि आत निघून गेले. मंगळवार होता. करीमचाचा टेंपोतून उतरला, सुकटीची पुडी आईकडे दिली आणि चित्रापुढे उकिडवा बसला. खिशातून खोडरबर काढला. शिंगराच्या मागच्या पायाजवळ नेला. तोंड पुटपुटत होतं, बहुतेक तो मनातल्या मनात शिंगराशेजारी जाऊन उभा राहत होता.

मग त्यानं तो परत खिशात ठेवला आणि म्हणाला, "वयनी, चाय टाका."